यादीतला शेवटचा माणूस

दक्षिण वेल्समध्ये आवन नदीच्या खोऱ्यात ग्लिनकॉरुग नावाचं कोळशाच्या खाणीचं गाव आहे. १९६८ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरनं गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजायला घेतला. वस्ती दोन हजारांच्या आसपास. डॉक्टर एक, दवाखाना एक. यादीतली नावं एकेक करून खोडली जाऊ लागली आणि अखेर एकच माणूस उरला. त्याच्याही दंडाला पट्टा बांधला गेला, आणि साऱ्या गावात सर्वांत जास्त रक्तदाब निघाला तो त्याचाच.

पंचवीस वर्षांनी तो माणूस जिवंत होता.

डॉक्टरचं नाव ज्युलियन ट्युडर हार्ट. पुढं जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचं नाव घेतलं जातं ते १९७१ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आलेल्या एका निबंधामुळे. त्याच्याकडे मी नंतर येईन, कारण निबंधापेक्षा मला दवाखाना जास्त महत्त्वाचा वाटतो. जुनाट आजारांवरचं संशोधन म्हटलं की मोठी इस्पितळं, हजारो पेशंट, औषध कंपन्यांचे पैसे डोळ्यांपुढं येतात. इथं एका खेडेगावच्या डॉक्टरनं आपल्याच पेशंटवर पंचवीस वर्षं लक्ष ठेवून जे दाखवलं, ते या सगळ्याशिवाय दाखवलं.

हार्ट १९२७ साली लंडनमध्ये जन्मले. वडीलही डॉक्टर, स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करून आलेले. ज्युलियन केंब्रिजला शिकले, लंडनच्या एका गरीब वस्तीत काही वर्षं फॅमिली डॉक्टर होते आणि मग वेल्सला आले. राजकारणानं ते कम्युनिस्ट. १९६४, १९६६ आणि १९७० अशा तीन निवडणुकांत त्यांनी ॲबराव्हन मतदारसंघातून कम्युनिस्ट उमेदवार म्हणून फॉर्म भरला आणि तिन्ही वेळा आपटले. मतं न देणारे हेच लोक दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दवाखान्यात खोकला घेऊन येत असणार, ही कल्पना मला नेहमी गमतीची वाटते.

पण या प्रकरणात राजकारणापेक्षा कार्डिफमधलं संशोधनातलं शिकाऊपण जास्त कामाचं ठरलं. तिथं आर्ची कॉक्रन नावाचा एक विलक्षण साथरोगतज्ज्ञ खाणकामगारांच्या फुप्फुसांत साठणाऱ्या धुळीचा अभ्यास करत होता. पन्नासच्या दशकात कॉक्रननं ऱ्होंडा फाख या दरीतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक खाणकामगारांच्या छातीचे एक्स-रे काढले होते. त्याचं म्हणणं सोपं होतं. जे आपणहून येतात त्यांच्यावरून दरीतल्या आजाराचा अंदाज बांधू नका, कारण जे येत नाहीत ते वेगळे असतात. कुणी फार आजारी असतो, कुणी घाबरलेला, कुणी डॉक्टर या जमातीवरच रागावलेला. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी धावाधाव करायची सवय हार्ट यांना लागली ती या मांडवाखाली. पुढं त्यांच्या पत्नी झालेल्या मेरीही कार्डिफच्या संशोधनातल्याच. ग्लिनकॉरुगच्या काही शोधनिबंधांवर या दोघांचीही नावं दिसतात.

१९६१ साली हार्ट ग्लिनकॉरुगला आले. पहिली काही वर्षं संशोधनाचं नावही काढता येत नव्हतं. खाणीचं गाव म्हणजे अपघात, दमा, पाठदुखी आणि रजेच्या सर्टिफिकेटांची न संपणारी रांग. आलेल्या माणसाला वाटेला लावायचं, पुढचा बोलवायचा. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सोमवारच्या ओपीडीत कधी उभं राहिलं असाल, तर वेगळं वर्णन करायला नको. जागच्या जागी पळण्याचा हा प्रकार आवाक्यात आणायला हार्ट यांना जवळपास पाच वर्षं लागली. चांगला डॉक्टर येऊन दमदार काम सुरू करतो अशी कथा आपल्याला आवडते, म्हणून ही पाच वर्षं बहुतेक लिखाणातून गळून जातात. ती गाळली तर बाकीचं जादूसारखं दिसतं.

मग रक्तदाबच का घेतला? एक तर तो मोजता येतो, आणि तो दुखत नाही. 'बीपी चढलं की मला कळतं, डोकं गरगरतं' असं आपल्याकडे अर्धा गाव सांगतो, पण बहुतेक वेळा रक्तदाब वाढलेला माणसाला कळत नाही. कळतो तेव्हा तोंड वाकडं झालेलं असतं. दुसरं म्हणजे औषधं नुकतीच सुसह्य झाली होती. त्याआधीच्या गोळ्यांनी माणूस उठून उभा राहिला की घेरी येऊन पडत असे. १९५८ पासून लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी थायझाइड गटातली औषधं मिळू लागली आणि लक्षण नसलेल्या माणसाला वर्षानुवर्षं गोळी देणं पहिल्यांदा शक्य झालं. ती द्यावी की नाही याचा सज्जड पुरावा १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांतून आला. रक्तदाबाचा खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांवरची ती चाचणी. औषधाऐवजी नुसत्या साखरेच्या गोळ्या मिळालेल्या गटात इतक्या लवकर इतके अनर्थ झाले की दोन्ही गटांतला फरक डोळ्यांना दिसावा. पुढच्याच वर्षी ग्लिनकॉरुगमध्ये पट्टा बाहेर निघाला होता.

हार्ट यांनी मोहीम काढली नाही, शिबिर भरवलं नाही, मांडव घातला नाही. माणूस कान दुखतो म्हणून येवो की पोराला घेऊन येवो, आलाच आहे तर त्याचा रक्तदाब मोजायचा आणि केसपेपरवर लिहायचा. पाच वर्षांत गावातला बहुतेक प्रत्येक जण कशा ना कशासाठी डॉक्टरची पायरी चढतोच. राहतील त्यांची नावं यादीवरून काढायची आणि त्यांना गाठायचं. १९७० च्या 'लॅन्सेट'मधल्या निबंधात या पद्धतीला त्यांनी 'अर्धसलग' चाचणी म्हटलं. नाव बोजड आहे, पण तपासणीचा खर्च जवळजवळ शून्यावर आणणारी एवढी सरळ युक्ती मला दुसरी माहीत नाही.

ही युक्ती चालली त्यामागं एक गोष्ट होती, जी ब्रिटनमधल्या माणसाला इतकी अंगवळणी पडलेली असते की तो तिचा उल्लेखही करत नाही. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा आली तेव्हापासून जवळपास प्रत्येक माणूस कुठल्या तरी एका फॅमिली डॉक्टरच्या यादीवर असतो. आजारी असो वा ठणठणीत, नाव यादीवर. त्यामुळे हार्ट यांना भागाकारातला खालचा आकडा माहीत होता. कोण आलं हे कुठलाही दवाखाना सांगेल, पण कोण आलं नाही हे सांगायला आधी गावाची यादी हातात लागते.

त्याच काळात अमेरिकेतल्या पाहण्यांमधून एक ढोबळ ठोकताळा पुढं आला आणि हार्ट यांनी तो पुष्कळ पसरवला. रक्तदाब वाढलेल्यांपैकी निम्म्यांनाच तो वाढल्याचं माहीत असतं. त्यातल्या निम्म्यांवर उपचार चालू असतात. आणि त्यातल्याही निम्म्यांचाच रक्तदाब ताब्यात असतो. म्हणजे शंभरातले साडेबारा. हा 'निम्म्यांचा नियम' आकड्याला पक्का नाही, देशागणिक आणि दशकागणिक बदलतो. पण दवाखान्यात बसून हे निम्मेनिम्मे कधीच दिसत नाहीत, समोर येतो तो फक्त शेवटचा तुकडा. म्हणून आपलं काम चांगलं चाललंय असं प्रत्येक डॉक्टरला वाटतं, आणि त्यात तो खोटंही बोलत नसतो.

पंचवीस वर्षांचा हिशेब १९९१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. तपासणीत सापडलेल्या ११६ पेशंटांचा सरासरी रक्तदाब उपचारांआधी १८६/११० होता, १९८७ मध्ये तो १४६/८४ वर आला. त्यांच्यातल्या सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरलं. मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. गोळी लिहून देता येते. खाणीतून वर आलेल्या माणसाच्या हातातली सिगारेट काढायला वर्षानुवर्षं तोच डॉक्टर, तीच नर्स आणि तेच बोलणं लागतं. पासष्टीच्या आतले मृत्यू शेजारच्या ब्लाइनग्विन्वी गावाच्या तुलनेत सुमारे २८ टक्क्यांनी कमी निघाले. ब्लाइनग्विन्वीही खाणीचंच, तसंच गरीब. फरक एवढाच की तिथं अशी यादी धरून कुणी माणसं शोधली नव्हती.

या २८ टक्क्यांवर किती विश्वास ठेवायचा? संशोधनाच्या कडक कसोटीवर हा पुरावा दुबळा आहे. कुठल्या गावात काय करायचं हे नाणं उडवून ठरलेलं नव्हतं. तुलनेला गाव एकच. इतक्या लहान वस्तीत अकाली मृत्यू मोजके होतात, दोनचार इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी हलते. १९७० साली ग्लिनकॉरुगची खाण बंद पडली. कामधंद्यासाठी गाव सोडून कोण गेलं, मागं कोण राहिलं, याचाही परिणाम असणार. शिवाय या गावात जे घडलं ते गोळ्यांमुळे, सिगारेट सुटल्यामुळे की दारात येणाऱ्या डॉक्टरमुळे, हे सुटं करता येत नाही. माझं मत असं की फरक खरा असावा, त्याचा आकार मात्र कुणी छातीठोकपणे सांगू नये. तरीही हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण यादृच्छिक चाचण्या, म्हणजे कुणाला काय द्यायचं हे नाणं उडवून ठरवणाऱ्या चाचण्या, साधारणपणे आलेल्या आणि तयार झालेल्या लोकांवर होतात. यादीतल्या शेवटच्या माणसाचं काय होतं हे त्या सांगू शकत नाहीत.

या डॉक्टरला चाचण्यांचं वावडं होतं असंही नाही. १९८३ च्या सुमारास ग्रॅहम वॉट या तरुण सहकाऱ्यासोबत त्यांनी याच दवाखान्यात मिठाची चाचणी केली. सौम्य रक्तदाबाच्या पेशंटांनी जेवणातलं मीठ कमी करायचं, आणि वरून काही आठवडे मिठाच्या, काही आठवडे नकली गोळ्या. कुठल्या कधी हे डॉक्टरला ठाऊक नाही, पेशंटलाही नाही. अपेक्षा होती की मीठ कमी झालं की रक्तदाब उतरेल. उतरला नाही. त्यांनी तसं छापलं. मिठाबद्दलचा एकूण पुरावा पुढं दुसऱ्या बाजूला झुकला हे खरं, पण आपल्याच आवडत्या समजुतीच्या विरुद्ध गेलेला निकाल आपल्याच गावातून छापणं सगळ्यांना जमत नाही.

हे सगळं पेशंटला कसं वाटत होतं? इथं हे प्रकरण अवघड होतं. धडधाकट माणसाला हाक मारून 'तुला आजार आहे' असं सांगण्यात जोखीम असते. कॅनडात हॅमिल्टन शहरातल्या पोलाद कामगारांची अशीच तपासणी झाली होती. १९७८ साली तिचा निकाल आला. रक्तदाब जास्त असल्याचं कळल्यावर त्या कामगारांच्या आजारपणाच्या रजा ८० टक्क्यांनी वाढल्या होत्या. औषध चालू आहे की नाही याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. कालपर्यंत जो भट्टीपुढं उभा राहत होता तो आज स्वतःला आजारी समजू लागला, एवढंच. आपल्याकडेही 'बीपीचा पेशंट' हा शिक्का बसला की माणूस जिना चढायला घाबरतो, लग्नात नाचायला घाबरतो, घरचे त्याला वाईट बातमी सांगायला घाबरतात. शोधून काढलं म्हणजे भलं केलं, असं नाही.

ग्लिनकॉरुगमध्ये या धोक्याला उत्तर काय होतं? माझ्या वाचनात ते एका हिशेबातून कळतं. नव्वदच्या सुमारास दिलेल्या एका व्याख्यानात हार्ट यांनी आपल्या एका पेशंटची पंचवीस वर्षं मांडली. पोलाद कारखान्यातला हा कामगार. रक्तदाब, पुढं मधुमेह, शिवाय बरंच काही. दवाखान्यातल्या भेटी ३१०. हार्ट यांनी स्वतः त्याच्यासोबत घालवलेला वेळ सुमारे ४१ तास. सुरुवातीला दोघं समोरासमोर बसायचे, हळूहळू शेजारी शेजारी बसू लागले, असं ते म्हणाले. आणि त्यांच्या लेखी समाधान कशाचं, तर जे घडलं नाही त्याचं. पक्षाघात झाला नाही, हृदयविकाराचा झटका आला नाही, मूत्रपिंडं निकामी झाली नाहीत.

४१ तासांना ३१० नं भागलं तर एका भेटीला आठ मिनिटं येतात. म्हणजे एका भेटीत काही दिव्य घडत नव्हतं. आठ मिनिटांत कुणाचं आयुष्य बदलत नाही. पण तोच माणूस, तीच खुर्ची, मागच्या वेळचं बोलणं लक्षात असलेला तोच डॉक्टर, असं तीनशे दहा वेळा झालं की 'तुला आजार आहे' या वाक्याची धार बोथट होत जाते. रक्तदाब दोघांच्या मधला विषय होतो, शिक्का राहत नाही. हॅमिल्टनच्या कामगाराला बातमी मिळाली होती. ग्लिनकॉरुगच्या कामगाराला बातमीनंतरची तीनशे नऊ बोलणीही मिळाली.

न घडलेल्या गोष्टींचं समाधान बोलायला सोपं, मानून घ्यायला फार अवघड. १९८५ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सौम्य रक्तदाबावरची मोठी चाचणी छापली. १७६ फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने, १७,३५४ पेशंट. निष्कर्ष असा की ८५० जणांनी वर्षभर गोळ्या घेतल्या तर एक पक्षाघात टळतो. हाच हिशेब ग्लिनकॉरुगच्या ११६ पेशंटांना लावला तर साधारण सव्वासात वर्षांत एक. ग्लिनकॉरुगमधले ११६ जण सौम्य नव्हते, त्यांचे आकडे बरेच चढे होते, त्यामुळे तिथं फायदा जास्त असणार. पण तरीही टळलेला पक्षाघात कुणाचा, हे कधीच कळत नाही. आभार मानायला कुणी येत नाही. पेशंट म्हणतो, 'आता बीपी नॉर्मल आहे, गोळी बंद केली.' त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं काही चुकत नाही. नॉर्मल आहे म्हणजे बरं झालं, आणि बरं झालं की गोळी थांबवतात, हेच तो लहानपणापासून बघत आला आहे.

आता तो १९७१ चा निबंध. 'व्यस्त सेवेचा नियम' असं आपण त्याला म्हणू. चांगली वैद्यकीय सेवा जिथं सर्वांत जास्त हवी तिथंच ती सर्वांत कमी मिळते, आणि जिथं ती बाजाराच्या हाती जास्त सोपवलेली तिथं ही तफावत आणखी वाढते. हार्ट यांना हे सुचायला सांख्यिकी लागली नसावी. खिडकीतून दरी दिसत होती. खाणींच्या या दऱ्यांत यायला डॉक्टर नाखूश असत. नंतरच्या दशकांत इथले कितीतरी दवाखाने चालवले ते भारत आणि पाकिस्तानातून गेलेल्या डॉक्टरांनी. आपल्याकडच्या खेड्यातला दवाखाना ओस आणि वेल्सच्या दरीतला चालू, हा त्या नियमाचा एक वळसा लंडनमध्ये बसून दिसला नसता.

आपल्याकडे यादी नाही असं मात्र आता म्हणता येत नाही. साधारण हजार वस्तीमागं एक आशाताई असते. म्हणजे ग्लिनकॉरुगएवढ्या गावाला दोन. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जोखीम-तक्ता भरणं हे त्यांचं काम आहे. भारताचा उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीला ज्या मोजक्या राज्यांत आला त्यांत महाराष्ट्र होता, आणि सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा, भंडारा हे पहिले जिल्हे. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, महिनाभराचं औषध एकदम, आणि महिन्याला न फिरकलेल्याचं नाव वेगळं काढून त्याचा पाठपुरावा. यातली शेवटची बाब पाहिली की मला आवनचं खोरं आठवतं. फरक डॉक्टरच्या खुर्चीचा आहे. आशाताई तीच राहते. खुर्चीतला माणूस मात्र बदलीवर, बाँडवर किंवा कंत्राटावर असतो, आणि शेजारी शेजारी बसायची वेळ येण्याआधीच तो गेलेला असतो.

मिठाच्या चाचणीतला तो तरुण सहकारी, ग्रॅहम वॉट, पुढं ग्लासगोला प्राध्यापक झाला. २००९ पासून त्यानं स्कॉटलंडमधल्या सर्वांत गरीब वस्त्यांतल्या शंभर दवाखान्यांच्या डॉक्टरांना एकत्र आणलं. या गटानं स्वतःला 'डीप एंड' म्हणवून घेतलं, पोहण्याच्या तलावाचं खोल टोक. तोवर आजाराचं रूपही बदललं होतं. १९६८ मध्ये प्रश्न एका आकड्याचा होता. २०१२ साली स्कॉटलंडमधल्या ३१४ दवाखान्यांतल्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा २३ टक्के लोकांना दोन किंवा अधिक जुनाट आजार निघाले. सर्वांत गरीब वस्त्यांत हे ओझं श्रीमंत वस्त्यांपेक्षा दहा ते पंधरा वर्षं आधी अंगावर येतं. मधुमेह, गुडघे, दमा आणि त्यावर नैराश्य, सगळं एका माणसात आणि पन्नाशीच्या आत. आणि डॉक्टरची भेट दोन्हीकडे तेवढ्याच मिनिटांची.

मग खोल टोकाच्या आठ दवाखान्यांत १५२ पेशंटांवर एक छोटी चाचणी झाली. निकाल २०१६ मध्ये आला. निम्म्या दवाखान्यांत पेशंटला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या लांब भेटी मिळाल्या. औषध नवीन नव्हतं. डॉक्टर-नर्सना थोडं प्रशिक्षण आणि पाठबळ दिलं, आणि घड्याळ सैल केलं. मोजलं काय, तर माणसाला कसं वाटतं. वर्षअखेर उमेद, उत्साह अशा बाबतीत दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. उदासी आणि घालमेल मात्र लांब भेटीवाल्यांत कमी होती, आणि जगण्याची प्रत टिकून होती. म्हणजे पुन्हा तेच. जे वाईट व्हायचं ते झालं नाही.

या वेळी मात्र न घडलेल्याची किंमत काढलेली होती. चांगल्या प्रकृतीचं एक वर्ष मिळवायला १२,२२४ पौंड. एखादा उपचार परवडतो की नाही हे ठरवताना ब्रिटनमध्ये त्या काळी साधारण २०,००० पौंडांवर रेघ ओढत.